लेटर ऑफ क्रेडिट: माल निघण्याआधी कागदांची लढाई कशी जिंकावी

भोसरी, चाकण, रांजणगावच्या पट्ट्यात यंत्रांचे सुटे भाग बनवणारे कितीतरी छोटे कारखाने आहेत. त्यातल्या एखाद्याला पहिल्यांदाच थेट परदेशी ग्राहक मिळतो आणि बोलणी पैशांवर येऊन अडतात. ग्राहकाला माल हातात पडल्यावर पैसे द्यायचे असतात, कारखानदाराला आगाऊ हवे असतात. दोघांनी एकमेकांना पाहिलेलंही नसतं. अशा वेळी दोन्ही बाजूंना पटणारा जुना तोडगा म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट, सगळ्यांच्या तोंडी असलेली एलसी.

एलसी आली की अनेक जण निर्धास्त होतात आणि उत्पादनाला लागतात. कागदांचा विचार कंटेनर न्हावा शेवाला निघाल्यावर सुरू होतो. हा क्रम उलटा हवा. एलसीचे पैसे मिळणार की अडकणार, हे बहुतेक वेळा माल तयार होण्याआधीच ठरलेलं असतं, म्हणून या लेखात सर्वाधिक जागा त्या आधीच्या कामाला दिली आहे.

बँक नेमकं काय कबूल करते

समजा, भोसरीतल्या एका कारखान्याला नैरोबीच्या ग्राहकाकडून ५०० गिअर शाफ्टची, ८०,००० डॉलरची ऑर्डर मिळाली. ग्राहकाच्या सांगण्यावरून नैरोबीतली त्याची बँक एलसी उघडते आणि लिहून देते, की अमुक कागद अमुक तारखेच्या आत, अटींप्रमाणे सादर झाले तर पैसे मी देईन. म्हणजे ग्राहकाच्या शब्दामागे बँकेचं स्वतःचं वचन उभं राहतं. पुण्यातली बँक तो संदेश खरा असल्याची खात्री करून आपल्यापर्यंत पोचवते. ती ॲडव्हायझिंग बँक. केवळ संदेश पोचवला म्हणून पैसे देण्याची जबाबदारी तिच्यावर येत नाही, हे पक्कं ध्यानात असू द्या.

हे सगळे व्यवहार पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने केलेल्या नियमांवर चालतात. पहिले नियम १९३३ साली आले. सध्याचे म्हणजे यूसीपी ६०० (युनिफॉर्म कस्टम्स अँड प्रॅक्टिस, एलसीचे समान नियम), १ जुलै २००७ पासून लागू, एकूण ३९ कलमं. हा कुठल्या संसदेने केलेला कायदा नाही. एलसीत 'यूसीपी लागू' असं लिहिल्यामुळे तो करारातून बंधनकारक होतो. भारतात एलसीसाठी वेगळा कायदा नाही. १८७२ चा करार कायदा, परकीय चलनासाठी १९९९ चा फेमा आणि न्यायालयांचे निकाल मिळून चौकट तयार होते.

यूसीपीची दोन कलमं पाठ असावीत. कलम ४ सांगतं, की एलसी मूळ खरेदी-विक्रीच्या करारापासून स्वतंत्र आहे. कलम ५ सांगतं, की बँका कागदांचा व्यवहार करतात, मालाचा नाही. शाफ्ट कितीही अचूक घासलेले असोत, बीएलवर (बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल घेतल्याच्या जहाज कंपनीच्या पावतीवर) बंदराचं नाव चुकलं तर बँक नकार देऊ शकते. उलट माल सुमार निघाला तरी कागद बिनचूक असतील तर तिला पैसे द्यावे लागतात.

पहिली पायरी: ऑर्डर घेतानाच मसुदा मागा

एलसी उघडून आली की ती बदलायला वेळ आणि शुल्क दोन्ही लागतं. त्यामुळे ग्राहकाने बँकेत अर्ज देण्याआधी तो मसुदा ईमेलने मागवून घ्यावा. बहुतेक ग्राहक आनंदाने देतात. एखादा देत नसेल तर त्याचं कारण विचारायला संकोच करू नका.

मसुदा एकट्याने वाचू नका. सीएचए (सीमाशुल्काचं काम पाहणारा एजंट), फॉरवर्डर (मालवाहतूक जमवून देणारा) आणि बँकेच्या ट्रेड फायनान्स विभागातला माणूस, या तिघांना तो दाखवा. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: यातला कुठला कागद तुम्ही देऊ शकणार नाही? कोणी जरा जरी घुटमळला तरी ती अट तिथेच बदलून घ्या.

सगळ्यात घातक असतात दुसऱ्याच्या मर्जीवर टांगलेल्या अटी. 'ग्राहकाच्या प्रतिनिधीने सही केलेलं तपासणी प्रमाणपत्र, आणि ती सही बँकेच्या नोंदीतल्या सहीशी जुळली पाहिजे,' असं वाक्य दिसलं तर थांबा. बाजारभाव पडला आणि ग्राहकाने तो प्रतिनिधी पाठवलाच नाही, तर तुमच्या हातात काहीही उरत नाही. अशी अट असलेली एलसी, माझ्या मते, एलसी नसल्यासारखीच. तपासणी हवी असेल तर ती एखाद्या तटस्थ तपासणी कंपनीची असावी आणि तिचा खर्च कोणाचा हे आधी ठरावं. ग्राहकाच्या देशाला आयातीआधीचं तपासणी प्रमाणपत्र लागत असेल, तर ते मिळायला किती दिवस लागतात हेही याच टप्प्यावर विचारून घ्या.

'तीनपैकी एक मूळ बीएल थेट ग्राहकाला कुरियर करा' ही अटही तितकीच वाईट. बीएल हा मालावरचा हक्क सांगणारा कागद आहे, आणि एका मूळ प्रतीवर माल सोडवता येतो. म्हणजे बँकेत कागद अडकलेले असताना माल ग्राहकाच्या गोदामात. विमानाने माल पाठवत असाल तर धोका वेगळा आहे. एअरवे बिल हक्काचा कागद नसतो, ज्याच्या नावे माल पाठवला त्याला तो मिळतो. त्यामुळे तिथे माल एलसी उघडणाऱ्या बँकेच्या नावे पाठवण्याची अट घालून घ्या.

दुसरी पायरी: एमटी ७०० ओळीओळीने वाचा

एलसी स्विफ्ट या बँकांच्या संदेशजाळ्यावरून, एमटी ७०० या संदेशातून येते. त्यातल्या रकान्यांना क्रमांक असतात आणि काही रकाने जास्त महत्त्वाचे आहेत.

३१डी मध्ये मुदत संपण्याची तारीख आणि ठिकाण असतं. तारीख सगळे पाहतात, ठिकाणाकडे दुर्लक्ष होतं. ठिकाण नैरोबी लिहिलं असेल तर त्या तारखेपर्यंत कागद नैरोबीच्या बँकेत पोचले पाहिजेत, कुरियरचे दिवस तुमच्या मुदतीतून जाणार. ठिकाण भारत असावं असा आग्रह धरा.

४१ क्रमांकाचा रकाना सांगतो, की एलसी कुठल्या बँकेत आणि कशा पद्धतीने वटेल. ४२सी मध्ये हुंडी दर्शनी (सादर होताच पैसे) आहे की मुदतीची (ठरलेल्या दिवसांनी पैसे) ते कळतं. 'बीएलच्या तारखेपासून ९० दिवस' असेल तर मोजणी बीएलच्या दुसऱ्या दिवसापासून होते. तोवरचं व्याज किमतीत धरलं आहे का, हा हिशेब ऑर्डर घेतानाच झालेला बरा.

४४ई मध्ये माल चढवण्याचं बंदर येतं. पुण्याच्या निर्यातदाराने इथे डोळ्यांत तेल घालावं. परदेशी ग्राहक सवयीने 'मुंबई बंदर' लिहितो. आपला कंटेनर चढतो न्हावा शेवाला आणि बीएलवर तेच छापून येतं. कागद परत यायला एवढं पुरतं. 'भारतातलं कोणतंही बंदर' असं लिहून घेतलं की हा प्रश्न मिटतो. तळेगाव किंवा दिघीच्या कंटेनर डेपोत माल सोपवणार असाल तर माल ताब्यात घेण्याच्या ठिकाणाचा रकाना, ४४ए, त्याच्याशी जुळतो का तेही पाहा.

४५ए मध्ये मालाचं वर्णन, ४६ए मध्ये लागणारे कागद, ४७ए मध्ये जादा अटी. ४७ए अनेकदा लांबलचक असतो आणि 'प्रत्येक कागदावर एलसी क्रमांक हवा' यासारखी वाक्यं तिथेच दडलेली असतात. खोट निघाल्यास, म्हणजे कागद अटींशी जुळला नाही तर, किती डॉलर कापले जातील हेही बहुतेक वेळा तिथेच सापडतं. ४८ मध्ये कागद सादर करण्याचे दिवस. रकाना रिकामा असेल तर माल चढल्यापासून २१ दिवस, पण एलसीच्या मुदतीच्या आत.

४९ मध्ये कन्फर्मेशनची सूचना असते, आणि त्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं. एलसी उघडणारी बँक अनोळखी असेल, किंवा तिच्या देशात डॉलरची टंचाई असेल, तर तिचं वचन तेवढंच डळमळीत. दुसऱ्या भक्कम बँकेने त्यावर स्वतःचं वचन जोडलं की त्याला कन्फर्मेशन म्हणतात. मग बिनचूक कागदांवर ती बँक स्वतः बांधील असते आणि पैसे दिल्यावर नैरोबीहून रक्कम आली नाही म्हणून तुमच्याकडे परत मागू शकत नाही. यासाठी शुल्क पडतं. पहिल्या व्यवहारात, मोठ्या रकमेला, ते द्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. रक्कम लहान आणि बँक नावाजलेली असेल तर ईसीजीसी या सरकारी निर्यात पतविमा कंपनीचं संरक्षण घेऊनही भागू शकतं.

तिसरी पायरी: अमेंडमेंट

चूक सापडली की लगेच ग्राहकाकडे बदल मागा, आणि सगळे बदल एकत्र मागा. दर बदलाला शुल्क पडतं. बदल एमटी ७०७ ने येतो. 'ग्राहकाने फोनवर हो म्हटलंय' याला एलसीत काडीची किंमत नाही. संदेश बँकेतून हातात येईपर्यंत माल हलवू नका.

कलम १० निर्यातदाराच्या बाजूचं आहे. तुम्ही स्वीकारल्याशिवाय बदल तुमच्यावर लागू होत नाही, तोवर जुन्या अटी कायम राहतात. 'ठरावीक दिवसांत नाकारलं नाही तर बदल मान्य' असं अमेंडमेंटमध्ये लिहिलं असेल तर ते वाक्य विचारात घेतलं जात नाही. मात्र एकाच अमेंडमेंटमधला सोयीचा भाग घ्यायचा आणि गैरसोयीचा सोडायचा, असं करता येत नाही.

चौथी पायरी: कागद तयार करणं

इन्व्हॉइसमधलं मालाचं वर्णन ४५ए शी जुळलंच पाहिजे. ते तिथून जसंच्या तसं उचला, स्वतःची भर घालू नका, इंग्रजी सुधारायलाही जाऊ नका. १९४३ चा इंग्लंडमधला रेनर विरुद्ध हॅम्ब्रोज बँक हा खटला इथे आठवावा. एलसीत कोरोमंडल शेंगदाणे लिहिले होते, बीएलवर यंत्राने सोललेले शेंगदाणे. व्यापारात दोन्ही एकच, हे बाजारातल्या कोणालाही ठाऊक होतं. तरीही बँकेने नकार दिला आणि न्यायालयाने तो योग्य ठरवला. बँकेने प्रत्येक धंद्याची बोली शिकावी अशी अपेक्षा करता येत नाही. आजच्या नियमात इन्व्हॉइस सोडून बाकी कागदांवर वर्णन ढोबळ असलं तरी चालतं, फक्त ते एलसीतल्या वर्णनाशी विसंगत नको.

कागदांतली माहिती एकमेकांशी अक्षरशः सारखी असण्याची गरज नाही, ती परस्परविरोधी नसावी, असं कलम १४ म्हणतं. ज्या टंकचुकीने अर्थ बदलत नाही ती खोट ठरत नाही. पण शाफ्टचा मॉडेल क्रमांक ३२१ ऐवजी १२३ पडला तर ती खोटच. माझा सल्ला असा, की या सवलती भांडणाच्या वेळेसाठी राखून ठेवाव्यात आणि कागद मात्र अक्षरन् अक्षर जुळवूनच करावेत.

नगांवर विकल्या जाणाऱ्या मालात संख्या तंतोतंत हवी, ५०० म्हणजे ५००. वजनावर विकल्या जाणाऱ्या मालात ५ टक्के कमीजास्त चालतं, एलसीने मनाई केली नसेल आणि रक्कम एलसीच्या वर जात नसेल तर. रक्कम, संख्या किंवा दर यांच्याआधी 'सुमारे' या अर्थाचा शब्द असला तर त्या गोष्टीपुरता १० टक्क्यांचा वाव मिळतो.

बीएलवर जहाज कंपनीचं नाव हवं, सही कोणत्या नात्याने केली ते लिहिलेलं हवं, आणि माल जहाजावर चढल्याची नोंद हवी. डेपोत माल सोपवला की मिळणारं बीएल 'मिळाला' एवढंच सांगतं. एलसीत बंदर ते बंदर बीएल मागितलं असेल तर त्यावर 'चढवला' ही तारखेची नोंद नसेल तर काम होत नाही, आणि ती तारीख हीच मालरवानगीची तारीख धरली जाते. माल किंवा वेष्टन सदोष असल्याचा शेरा बीएलवर नसावा. गंजलेले पट्टे, फाटलेली खोकी याबद्दलचं एक वाक्य पुरेसं असतं, म्हणून पॅकिंगच्या दिवशी स्वतः उभं राहा.

सीआयएफ व्यवहारात, म्हणजे किमतीत विमा आणि वाहतूक भाडं धरलेलं असताना, विमा किमान मालकिमतीच्या ११० टक्के हवा, एलसीच्याच चलनात. आपल्या उदाहरणात ८८,००० डॉलर. विम्याची तारीख मालरवानगीच्या नंतरची नको, आणि तात्पुरती कव्हर नोट चालत नाही. फॉरवर्डरने माल नेला आणि विमा दोन दिवसांनी आठवला, हे फार सर्रास घडतं.

ओरिजिन सर्टिफिकेट (माल कोणत्या देशात बनला याचं प्रमाणपत्र) चेंबर ऑफ कॉमर्सचं मागितलं असेल तर पुण्यात १९३४ साली स्थापन झालेल्या मराठा चेंबरकडून ते मिळतं. त्यावरचा तपशील इन्व्हॉइसशी ताडून मगच अर्ज करा.

पाचवी पायरी: तारखांचा हिशेब

कागदावर तीन तारखा लिहून भिंतीवर लावा: माल चढवण्याची शेवटची, कागद सादर करण्याची, एलसीची मुदत. माल १० मार्चला चढला आणि २१ दिवसांचा नियम असेल तर कागद ३१ मार्चपर्यंत. एलसीत १५ दिवस म्हटलं असेल तर २५ मार्चपर्यंत. एलसी स्वतः २२ मार्चला संपत असेल तर २२ मार्च हीच मर्यादा.

शेवटचा दिवस चौथा शनिवार किंवा गणेश चतुर्थीची बँक सुट्टी निघाली, तर कागद पुढच्या कामाच्या दिवशी देता येतात. माल चढवण्याची तारीख मात्र सुट्टीमुळे पुढे सरकत नाही. आणि संप, दंगल, पूर अशा कारणाने बँक बंद असताना मुदत संपली तर कलम ३६ नुसार बँक नंतर पैसे द्यायला बांधील नाही. पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात अडकलेला ट्रेलर आणि हुकलेलं जहाज हा आपल्याकडचा नेहमीचा अनुभव. जून ते सप्टेंबर माल जाणार असेल तर मसुद्याच्या वेळीच दोन-तीन आठवडे जास्तीचे मागून घ्या.

सहावी पायरी: बँकेत सादर करणं

फेमाखालच्या नियमांप्रमाणेही निर्यातीचे कागद २१ दिवसांत अधिकृत बँकेत द्यायचे असतात, पण तेवढी वाट पाहू नका. मसुदे आधी ईमेलने बँकेला दाखवा. बीएलचा मसुदा अंतिम करण्याआधी तर नक्कीच, कारण जहाज सुटल्यावर बीएल बदलणं त्रासाचं आणि खर्चाचं.

कागद मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक संबंधित बँकेला तपासायला जास्तीत जास्त बँकेच्या कामाचे पाच दिवस असतात. नाकारायचं असेल तर त्या मुदतीत एकाच सूचनेत सगळ्या खोटी सांगाव्या लागतात आणि कागदांचं काय केलं तेही कळवावं लागतं. उशीर केला किंवा नंतर नवी खोट शोधून काढली तर तो हक्क ती गमावते. म्हणून कुरियर पोचल्याचा दिवस टिपून ठेवा आणि मोजा. ज्या बँकेत एलसी वटायची होती तिने बिनचूक ठरवून पाठवलेले कागद वाटेत हरवले तरी एलसी उघडणाऱ्या बँकेची जबाबदारी कायम राहते.

खोट निघालीच तर

मुदत शिल्लक असेल तर कागद दुरुस्त करून पुन्हा द्या. तोच सर्वांत स्वच्छ मार्ग. मुदत संपली असेल तर खोट मान्य करून ग्राहकाची संमती मागावी लागते. पण ग्राहक तयार झाला तरी त्याची बँक ते मानायला बांधील नाही. या काळात कंटेनर मोंबासाला पडून राहतो आणि बंदराचं भाडं चढत जातं. ग्राहक किमतीत सूट मागायला लागतो तो नेमका याच वेळी. म्हणून नकाराची सूचना आल्याच दिवशी ग्राहकाशी बोला, आणि माल दुसऱ्याला विकण्याची किंवा परत आणण्याची शक्यता फॉरवर्डरकडून लगेच तपासून घ्या.

न्यायालयाने पैसे थांबवले तर?

ग्राहकाने मालाबद्दल तक्रार करून न्यायालयात धाव घेतली, तरी भारतातली न्यायालयं सहसा एलसीचं पेमेंट अडवत नाहीत. तारापोर कंपनी आणि मॉस्कोच्या ट्रॅक्टर एक्सपोर्ट यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका घेतली. पुढे १९८८ च्या सिंग कन्सल्टंट्सच्या निकालात अपवाद ठळक झाला: गंभीर फसवणूक, किंवा कधीच भरून न येणारा अन्याय. फसवणुकीच्या अपवादाचं मूळ १९४१ च्या न्यूयॉर्कमधल्या स्टेन खटल्यात सापडतं. तिथे ब्रशच्या केसांऐवजी निरुपयोगी कचरा भरून पाठवल्याचा आरोप होता. माल थोडा कमी दर्जाचा असणं आणि मुळातच खोटे कागद बनवणं, यात न्यायालयं स्पष्ट फरक करतात. नैरोबीतल्या न्यायालयाने तिथल्या बँकेला रोखलं तर मात्र तुम्हाला तिकडे लढावं लागेल. भारतातल्या बँकेचं कन्फर्मेशन असेल तर दावा इथल्या बँकेवर, इथल्या न्यायालयात करता येतो.

तुम्हीच आयातदार असाल तर

चाकणच्या कारखान्यासाठी तैवानहून सीएनसी मशीन मागवत असाल तर हेच सगळं उलट बाजूने पाहा. एलसी तुम्हाला दर्जाची हमी देत नाही. तटस्थ तपासणीचं प्रमाणपत्र कागदांत मागा, आणि काही रक्कम मशीन बसवून चालू झाल्यावर देण्याची सोय करारात ठेवा. अट लिहिताना ती कोणत्या कागदातून सिद्ध होणार तेही लिहा. 'मशीन नवीन असावं' एवढंच लिहिलं आणि त्यासाठी कागद मागितला नाही तर बँक ती अट विचारातच घेत नाही.

पैसे जमा झाल्यावर

बँकेच्या शुल्काची आणि कापलेल्या डॉलरची यादी मागवून एलसीच्या अटींशी ताडा. जास्त कापलं असेल तर लेखी विचारा. मग बँकेने शिपिंग बिलाची (निर्यातीसाठी कस्टम्सला दिलेल्या कागदाची) नोंद रिझर्व्ह बँकेच्या ईडीपीएमएस या निर्यातीच्या पैशांचा माग ठेवणाऱ्या प्रणालीत बंद केली का ते पाहा. ती उघडी राहिली तर पुढच्या निर्यातीच्या वेळी अडचण येते. बँकेने कळवलेल्या आयआरएम नोंदीवरून (परदेशातून आलेल्या रकमेच्या नोंदीवरून) डीजीएफटीच्या, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाच्या पोर्टलवर ई-बीआरसी, अर्थात निर्यातीचे पैसे मिळाल्याचं प्रमाणपत्र, तयार करून घ्या. निर्यातीवरच्या सवलती मागताना त्याची गरज पडते.